अठरा दिवसांची ऊब

सांगली जिल्ह्यातील एका वाचकभगिनीचे पत्र गेल्या पंधरवड्यात हाती आले. त्यांचे सासरे ७६ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मधुमेह जुना; तरुणपणीच्या विड्यांनी फुप्फुसांना सीओपीडी जडवलेला, त्यासाठी दिवसातून दोन वेळा इन्हेलर चालू. गेल्या वर्षी सासूबाई निवर्तल्या. तेव्हापासून त्यांचे बोलणे आटले आहे. दुपारभर पडून राहतात आणि रात्री जागतात. अशा घरात अभियांत्रिकीला शिकणाऱ्या नातवाने २४ अंड्यांचे एक छोटे उबवणी यंत्र मागवले आहे. बटेराची अंडी उबवण्याचा त्याचा मनोदय आहे. यंत्राचे खोके उघडताच आजोबा खोलीतून बाहेर आले आणि कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांनी आपण होऊन काही विचारले : अंडी दिवसातून किती वेळा फिरवायची? शेजारणींचे मत मात्र असे की, दम्याच्या माणसाच्या घरात पक्षी म्हणजे संकटाला आवतण. सूनबाईंचा प्रश्न सरळ आहे : होकार द्यावा की नकार?

माझे उत्तर होकाराचे आहे; मात्र त्यात एक स्पष्ट सीमारेषा आहे. अंड्यांचे दिवस आजोबांचे, पिल्लांचे दिवस नातवाचे. ही रेषा कशासाठी, ते आजच्या लेखात सविस्तर पाहू. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्या इतर कुटुंबांनाही त्याचा उपयोग व्हावा.

आधी आजोबांकडे, मग अंड्यांकडे

सहजीवनाचा अंत झाल्यावर माणूस खिन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु वर्ष उलटल्यावरही बोलणे, झोप आणि दिनक्रम सावरत नसेल, तर ‘वय झाले’ एवढे म्हणून थांबू नये. वार्धक्यातील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून प्रकट होत नाही. ते अबोलपणातून, अरुचीतून आणि उलटलेल्या झोपेतून दिसते. त्यावर औषधोपचार आणि समुपदेशन दोन्ही गुणकारी आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व उणावू शकते. थायरॉइडची मंदताही उदासीनतेचे रूप घेते. म्हणून या दोन तपासण्या आणि ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. ऐकू न येणारा माणूसही गप्प होतो. उबवणी यंत्र हे उपचारांच्या जागी ठेवायचे नाही, उपचारांच्या सोबतीला ठेवायचे आहे.

तरीही त्या यंत्राला मी क्षुल्लक मानीत नाही. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धनिवासात एक प्रयोग केला. रहिवाशांच्या एका गटाला लहानसहान निर्णय स्वतः घेण्यास सांगितले आणि प्रत्येकाला एक रोपटे दिले. त्याची निगा त्यांनीच राखायची. दुसऱ्या गटालाही रोपटी मिळाली. पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे राहिले. काही आठवड्यांनी पहिल्या गटातील मंडळी अधिक उत्साही आणि अधिक सक्रिय आढळली. प्रयोग लहान होता. त्यावर मोठे सिद्धांत उभारू नयेत. पण घरोघरी मी जे पाहतो, त्याच्याशी तो जुळतो. आपण ज्येष्ठांची काळजी घेतो, औषधे हातात देतो, पाणी समोर ठेवतो. आणि या साऱ्या मायेत त्यांच्या हाती करण्यासारखे काहीच उरत नाही.

बटेर हा पक्षी

आपल्या रानातला लावा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचाच हा जपानी भाऊबंद; पोल्ट्रीच्या व्यवसायात तो ‘बटेर’ या नावाने ओळखला जातो. भारतात तो १९७४ साली आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या सुधारित जाती तयार केल्या. रानातले लावे पकडणे किंवा त्यांची अंडी गोळा करणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. अंडी आणायची ती पाळीव जपानी बटेराचीच, आणि परिचित बटेरपालन केंद्रातून.

बटेराचे अंडे अवघे १० ते १२ ग्रॅमचे असते. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बटेराला १७ ते १८. नवख्या माणसाचा धीर टिकेल इतकाच हा काळ आहे. पाळीव जपानी बटेर अंड्यांवर बसण्याची वृत्ती बव्हंशी गमावून बसला आहे. तेथे खुडूक कोंबडीसारखी आई सहसा मिळत नाही. ऊब माणसालाच पुरवावी लागते.

बाजारात खाण्यासाठी मिळणारी अंडी उबवणीला उपयोगी पडत नाहीत, कारण ती बहुधा नराच्या संगतीशिवाय घातलेली असतात. दोन-तीन माद्यांमागे एक नर असलेल्या कळपातील अंडी मागावीत. ती सात दिवसांहून जुनी नसावीत, फ्रिजमध्ये ठेवलेली नसावीत आणि धुतलेली नसावीत. धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जाते. प्रवासातून आलेली अंडी निमुळते टोक खाली करून काही तास स्थिर ठेवावीत आणि मगच यंत्रात घालावीत.

यंत्र म्हणजे काय?

प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवीत. तापमापक नव्हता; तेथील कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता जोखत. पुढे एकोणिसाव्या शतकात स्तेफान तार्निए या पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञाने तेथील प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी तसेच उबदार पेटारे करवून घेण्याची कल्पना त्याला तेथे सुचली आणि १८८० च्या सुमारास ती प्रत्यक्षात आली. आज नवजात शिशु अतिदक्षता विभागात ज्या काचपेटीत बाळ ठेवतात, तिचे मूळ कुळ हे असे अंड्यांचे आहे. दोन्हीकडे गरजा त्याच : स्थिर ऊब, पुरेसा ओलावा, स्वच्छ हवा आणि सतत लक्ष.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ते अंशभर अधिक, म्हणजे ३८.३ ते ३८.८ असावे. ताप पाहण्याचा पाऱ्याचा थर्मामीटर येथे उपयोगाचा नाही. तो वर चढतो, पण झटकल्याशिवाय खाली येत नाही, त्यामुळे यंत्र निवले तरी कळत नाही. आर्द्रता पहिले १४ दिवस ४५ ते ५५ टक्के ठेवावी. आर्द्रतामापक खरा की खोटा, हे घरीच तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल एवढेच पाणी घालावे, मापकासह हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवावे. मापकाने ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवले पाहिजे. जो फरक दिसेल तो पुढे हिशेबात धरावा. खाते कोणतेही असो, मोजमापाची वही राखलेल्या माणसाला हे काम विशेष रुचेल.

अंडी घालण्यापूर्वी रिकामे यंत्र पूर्ण एक दिवस चालवून पाहावे. वैशाखात हा उद्योग आरंभू नये : घरगुती यंत्र तापवू शकते, थंड करू शकत नाही, खोलीच ४० अंशांवर गेली तर ते हतबल होते. पावसाळ्यात हवेतच ओल असल्याने यंत्रातले पाणी कमी करावे लागते. वीज गेल्यास झाकण न उघडता यंत्रावर रजई पांघरावी. दोन-तीन तासांच्या खंडाने सहसा सर्वनाश होत नाही. फार तर पिल्ले थोडी उशिरा निघतात. इन्व्हर्टर असल्यास उत्तम.

दिवसातून तीन वेळा

अंडे एकाच कुशीवर राहिले तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. म्हणून प्रत्येक अंड्याच्या एका बाजूवर पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूवर शून्य काढावे आणि दिवसातून तीन वेळा कूस पालटावी. संख्या विषम ठेवण्याचे कारण असे की, रात्रीचा दीर्घ काळ दररोज एकाच कुशीवर जात नाही. अनेक यंत्रांत ही फिरवाफिरव आपोआप होते. हात फार कापत असतील तर ती सोय जरूर वापरावी. पण आजोबांचे हात स्थिर असतील, तर ती बंद ठेवावी असे मी सुचवीन. यंत्राने सारेच करायचे ठरवले, तर आजोबांना करायचे काय?

सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ या वेळा औषधांच्या वेळांशी सहज जुळतात. क्रम मात्र पक्का ठेवावा : आधी औषध आणि इन्हेलर, मग हात धुणे, मग अंडी, आणि पुन्हा साबणाने निदान २० सेकंद हात धुणे. अंड्यांना हात लावून त्याच हाताने इन्हेलर तोंडाशी नेऊ नये. वहीत तीन रकाने आखावेत : वेळ, तापमान, आर्द्रता. चौथा रकाना स्वतःच्या सकाळच्या साखरेचा ठेवल्यास माझी हरकत नाही.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत लहान टॉर्चवर अंडे धरून पाहावे. बटेराचे कवच ठिपकेदार असल्याने आतले सहज दिसत नाही. मोतीबिंदू असलेल्यांना तर नाहीच. हे काम नातवाने करावे आणि आजोबांनी नोंद घ्यावी. रक्तवाहिन्यांचे जाळे किंवा काळसर गर्भ दिसला तर अंडे जिवंत. पूर्ण स्वच्छ आरपार दिसले तर ते बहुधा फलित नाही. दुर्गंधी येणारे किंवा पाझरणारे अंडे तत्काळ काढून टाकावे. ते फुटले तर बाकीच्यांनाही दूषित करते.

हात मागे घेण्याचे दिवस

चौदाव्या दिवसाच्या अखेरीस फिरवणे थांबवावे, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि झाकण बंद करावे. यापुढे उघडायचे नाही. आत पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालते आणि पहिला श्वास घेते. त्यानंतर ते कवचाला भोक पाडते आणि पुष्कळदा कित्येक तास स्वस्थ पडून राहते. बघणाऱ्याला वाटते, ते थकले, अडकले. वस्तुतः त्या अवधीत उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या मिटत असतात. दयेपोटी कवच सोलणारा माणूस त्या उघड्या रक्तवाहिन्या फाडतो. झाकण उघडले की ओलावा निसटतो आणि कवचाखालचा पडदा सुकून पिल्लाभोवती आवळतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनी हा नियम अंड्यांपुरता ठेवू नये. सदऱ्याची गुंडी लावायला आजोबांना पाच मिनिटे लागतात, म्हणून आपण धावून ती लावतो. काही महिन्यांत ते बोटच विसरते. कोठे मदत करायची आणि कोठे थांबायचे, हे ओळखणे शुश्रूषेतील सर्वांत अवघड काम आहे.

बाहेर आलेले पिल्लू ओले, लडबडलेले आणि जेमतेम ६ ते ८ ग्रॅमचे असते. पोटातल्या बलकावर ते पहिला दिवस अन्नपाण्याविना काढू शकते. म्हणून घाई नको. अंग वाळून पिसे फुलल्यावरच त्याला बाहेर काढावे. या धामधुमीत आजोबांचे जेवण चुकू देऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या पोटात आणि अन्न नाही, ही स्थिती धोक्याची आहे. रात्री उठून यंत्र पाहायला जाण्याचीही मनाई असावी.

येथे सीमारेषा

अंड्यांच्या काळात श्वसनाला त्रास होण्याजोगे फारसे काही नसते. पिल्ले निघताच चित्र पालटते. सुकलेली पिसे, कवचांचा चुरा आणि विष्ठेची धूळ हवेत मिसळते. पक्ष्यांच्या पिसांतील आणि विष्ठेतील प्रथिनांमुळे काहींच्या फुप्फुसांना अॅलर्जीजन्य दाह होतो. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी कोरडा खोकला, ताप आणि धाप लागते. पुष्कळजण तो साधा फ्लू समजतात. ज्यांची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत, त्यांनी ही जोखीम घेऊ नये. म्हणून पिल्ले निघाल्यावर यंत्र नातवाने घराबाहेर, मास्क लावून, ओल्या फडक्याने स्वच्छ करावे. पिल्लांची उबदार पेटी पडवीत किंवा गॅलरीत असावी. आजोबांच्या शयनगृहात आणि स्वयंपाकघरात मुळीच नाही. आजोबांनी खिडकीच्या काचेतून पाहावे आणि वहीचे काम पुढे चालवावे.

दुसरी जोखीम साल्मोनेला जंतूची. निरोगी दिसणारी पिल्लेही तो बाळगतात. जुलाब, ताप आणि पोटात कळा साधारण सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतात. ६५ वर्षांवरील माणसे, पाच वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांना हा आजार अधिक बाधतो. पिल्लू गालाला लावणे, त्याचा मुका घेणे टाळावे. कर्करोगावरील औषधे, स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असणाऱ्यांनी पिल्लांना आणि अंड्यांनाही हात लावू नये. त्यांच्यासाठी माझा सल्ला नकाराचा आहे.

पक्षी एकाएकी मरू लागले तर त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला होता, हे स्मरणात असावे.

तिसरी जोखीम सर्वांत साधी आणि माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित : पडणे. यंत्राची वायर येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी. यंत्र कमरेच्या उंचीच्या भक्कम टेबलावर असावे, जेणेकरून वाकावे अथवा उकिडवे बसावे लागणार नाही. जवळ हाताची खुर्ची असावी आणि सांडलेले पाणी लगेच पुसले जावे. पाणी भरताना प्लग काढावा. मोडलेल्या खुब्याची किंमत डझनभर पिल्लांनी भरून निघत नाही.

जी अंडी उघडत नाहीत

पहिल्या खेपेला निम्म्या अंड्यांतून पिल्ले निघाली तरी ती चांगली कामगिरी समजावी. काही अंडी फलितच नसतात, काही गर्भ वाटेत थांबतात, काही पिल्ले कवच फोडूनही दगावतात. विसाव्या दिवसापर्यंत थांबून यंत्र बंद करावे. हे सारे आजोबांना पहिल्या दिवशीच सांगावे. ज्यांनी नुकताच मृत्यू पाहिला आहे, त्यांना अनपेक्षित अपयश अधिक लागते. पूर्वकल्पना असलेले अपयश ते बहुधा आपल्याहून अधिक समंजसपणे घेतात. मेलेली पिल्ले त्यांच्या नकळत उचलून लपवू नयेत. ज्याने वहीत मोजणी ठेवली, त्याचा शेवटची संख्या लिहिण्याचाही हक्क आहे. त्या दिवशी सासूबाईंचा विषय निघाला तर तो बदलू नये. शेजारी बसून ऐकावे.

अंड्यांचे ‘औषधी’ गुण

बटेराच्या अंड्यांनी दमा जातो, मधुमेह बरा होतो, असे दावे सर्रास केले जातात. त्यांना भक्कम वैद्यकीय आधार नाही. पाच अंडी मिळून कोंबडीच्या साधारण एका अंड्याएवढा आहार होतो. एका अंड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सुमारे ७५ ते ८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. अन्न म्हणून ते चांगले आहे. ते पूर्ण शिजवूनच खावे. कच्चे अंडे दुधात घालून पिण्याची प्रथा ज्येष्ठांनी कायमची सोडावी.

होकारापूर्वी ठरवायच्या गोष्टी

बटेर सहा-सात आठवड्यांत वयात येतो आणि नर बांग देऊ लागतात. पाळीव बटेर दोन-तीन वर्षे जगतो. तेव्हा पिल्ले पुढे कोणाकडे जाणार, नातू वसतिगृहात परतल्यावर त्यांना दाणापाणी कोण करणार, हे यंत्र सुरू करण्याआधी ठरले पाहिजे. नाहीतर सारा भार सूनबाईंवर येतो, आणि शुश्रूषा करणारीच थकली तर घर थकते. अंडी ज्या केंद्रातून आणली, तेथेच पिल्ले परत देण्याचे आधी बोलून ठेवणे हा सोपा मार्ग आहे.

यंत्र बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हातातली वही रिकामी पडू देऊ नये. तुळशीची रोपे, कुंडीतली मेथी, अंगणातल्या पर्जन्यमापकाची नोंद, काहीही चालेल. काम खरे हवे आणि त्याची जबाबदारी खरोखर त्यांचीच हवी. पंधरा दिवसांत खोकला वाढला, धाप लागली, झोप तशीच उलटी राहिली किंवा जगण्याचा कंटाळा शब्दांतून डोकावला, तर विलंब न लावता आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि ती वही सोबत न्यावी.